ट्रायलची तारीख

२८ ऑक्टोबर

विहीणबाई,

तुमचं पत्र परवा मिळालं. तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर बसलेल्या बाईचं पाकीट कसं असतं ते आता कळलं. पत्ता सरळ रेषेत, तिकीट कोपऱ्याला धरून, गोंद कुठेही बाहेर नाही. उघडायच्या आधी मी ते उलटसुलट करून पाहिलं. वाटलं, आत माझ्या लेकीच्या हातच्या दोन ओळी असतील. नव्हत्या. असो.

दुपट्यांसाठी जुनं मऊ सुती कापड आहे का, असं तुम्ही विचारलंत. शिंपिणीच्या घरात कापड नसेल तर काय असेल? आहे, पाठवते. फक्त एक विचारते, राग मानू नका. हे तुम्ही आपणहून विचारलंत, की तिनं विचारायला लावलं? तिनं लावलं असेल तर तिला स्वतःला लिहिता आलं असतं. हात काही दुखत नसतील. आणि तुम्ही आपणहून विचारलं असेल, तर कापड माझ्याकडून आलंय हे तिला सांगू नका. किंवा सांगा. तुम्हाला योग्य वाटेल ते करा, आता तुमच्याच घरात आहे ती.

फोन करावा म्हटलं तर तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही. ती माझा आवाज ऐकला की फोन ठेवते. जावईबापू ठेवत नाहीत, पण त्यांच्याशी बोलून 'हो', 'ठीक', 'बरं ठेवतो' याच्या पलीकडे काही हाती लागत नाही. तेव्हा पत्रच बरं.

तुमच्या माहितीसाठी सांगते, मलाही तारीख कळवलेली आहे. सप्टेंबरात तिचं कार्ड आलं, दोन वर्षांत पहिलं. मजकूर असा: 'दिवस भरत आले. तारीख ४ नोव्हेंबर.' त्यापुढे ठसठशीत पूर्णविराम. वर 'आई' नाही, खाली सही नाही, आणि 'ये' तर नाहीच. आमच्या दुकानाच्या पावतीवरसुद्धा याहून जास्त मजकूर असतो. ते कार्ड मी ट्रायलच्या खोलीतल्या आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलंय. कळवायचं म्हणून कळवलं, असा मी त्याचा अर्थ घेतला. 'ये' म्हटल्याशिवाय दारात जाऊन उभी राहणाऱ्यातली मी नाही.

तुम्ही चार टोप्या आणि सहा जोड मोजे विणून ठेवलेत, वाचून आनंद झाला. विणकाम तुमचं सुरेखच असणार. धंद्यातली म्हणून एवढंच सांगते, की लोकर कितीही मऊ असली तरी नव्या कातडीला टोचते. आतून सुती अस्तर लावा. अस्तर लावता येत नसेल तर तसं सांगा.

आणि लग्नाचा फोटो हॉलमध्ये मोठा करून लावलाय, असंही लिहिलंत. तोच ना, ज्यात ती रजिस्टरवर सही करतेय आणि तुमचा हात तिच्या खांद्यावर आहे? माझ्याकडे तो लहान आहे. आमची बस वाटेत बंद पडली, हे तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. साक्षीदार म्हणून माझ्या जागी तुम्ही सही केलीत, त्याबद्दल मी तेव्हा आभार मानले होते की नाही, आठवत नाही. मानले नसतील तर आता मानते.

तुमची विहीण


२ नोव्हेंबर

विहीणबाई,

सोबतच्या पार्सलात आठ दुपटी आणि सहा झबली आहेत. झबली तुम्ही मागितली नव्हती. कापड उरलं म्हणून शिवली.

ती उघडल्यावर तुम्हाला वाटेल की बाईनं उलटी शिवली. उलटी नाहीत. शिवण मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवलीय, म्हणजे बाळाच्या अंगाला टोचत नाही. बटणं नाहीत, पुढे नाड्या आहेत. बाळाला घालताना सुलटी करू नका. तिला विचारा हवं तर, तिला माहीत आहे. ती स्वतः अशाच झबल्यांत वाढली, माझ्या मशीनखाली, चिंध्यांच्या टोपलीत. तेव्हापासून तिला आम्ही टाचणी म्हणतो. बारीक होती, चकचकीत होती आणि कुठे पडली ते कळायच्या आत टोचायची. तुम्ही तिला काय म्हणता? पत्रात तुम्ही 'आमची मुलगी' लिहिलंय. ते मी दोनदा वाचलं. 'सून' हा काही वाईट शब्द नाही.

'बाळं तारखा पाळत नाहीत' असं तुम्ही लिहिलंत. विहीणबाई, तारखांचं आम्हाला सांगू नका. सगळा जन्म तारखांत गेलाय. आमच्याकडे काही बायका अशा आहेत की ट्रायलला म्हणून कधी वेळेवर यायच्या नाहीत. बोलावलं सोमवारी तर उगवणार पुढच्या आठवड्यात. मग समारंभाच्या दिवशी बगलेत घट्ट झालं, की ओरडा आमच्या नावानं. बरं, यांच्या बदली दुसरं कुणी चालत नाही. 'माझी बहीण माझ्याच अंगाची आहे, तिला घालून बघा,' असं म्हणून बहिणीला पाठवतात. अहो, तिचा खांदा वेगळा, तुमचा वेगळा. ट्रायलला माणूस स्वतःच लागतो.

यावर टाचणीनं तोड काढली होती, वय वर्षं दहा. पावत्या तीच लिहायची, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. अशा उशीरलतिफांना ती सरळ दोन आठवडे आधीची तारीख लिहून द्यायची, आणि आम्हाला कळावं म्हणून आकड्याच्या खाली एक टिंब. बाई आपल्या उशिरा यायच्या आणि तरी वेळेवर यायच्या. अजून आमच्याकडे तसंच चालतं. काज करायला बसणारी मावशी आहे ना आमची, तिला अक्षर वाचता येत नाही, पण आकडे येतात आणि टिंब येतं. तेवढ्यावर ती दुकान चालवते.

हे सगळं का लिहितेय कुणास ठाऊक. तुम्ही तिचं लहानपण पाहिलेलं नाही म्हणून असेल.

दोन दिवसांवर आलं आता. कळवाल ना? तार नको, घाबरायला होतं. जावईबापूंना दुकानात फोन करायला सांगा. 'हो, ठीक' एवढं म्हणाले तरी चालेल.

तुमची विहीण


६ नोव्हेंबर

विहीणबाई,

चार तारीख गेली. पाच गेली. आज सहा.

फोनपासून मी हललेले नाही. काल त्याच्यापायी एक बाही तीनदा उसवली. काजवाली मावशी म्हणाली, "ती बाही काय बाळ आहे का, सारखी उघडून बघायला?" मी तिला म्हटलं, आपल्या कामाकडे बघ. तर म्हणते, "बघतेच आहे. तुमच्याच कामाला आज काज पडलंय."

दोन दिवस म्हणजे काही फार नाही, हे मलाही कळतं. पण तुम्ही तिथे आहात, तुम्हाला दिसतंय. मला इथे काय दिसतं? समोरचं कुलपांचं दुकान. एक ओळ लिहायला किती वेळ लागतो?

डॉक्टर काय म्हणतात? पाय सुजलेत का? पोट खाली उतरलंय का?

तिला विचारायचं नसेल तर तुम्ही पाहून लिहा.

तुमची विहीण


१० नोव्हेंबर

विहीणबाई,

तुमचं सात तारखेचं पत्र आलं. तुम्ही लिहिलं तेव्हा माझं पत्र पोचलेलं नव्हतं, हे समजू शकते. पण चार तारीख उलटून तीन दिवस झाले होते, आणि पानभर पत्रात तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढत नाही? हवापाणी आहे, मोज्यांचा नववा जोड आहे, जावईबापूंनी भिंतीला रंग दिला तो कुठला ते आहे. जणू सगळं वेळेवर चाललंय.

पार्सल मिळालं हे बरं झालं. 'तिनं एकेक झबलं हातात घेऊन शिवण पाहिली आणि सगळी घडी करून कपाटात ठेवली.' एवढंच? तुम्ही पोस्टातल्या बाई, पोच लिहिण्यात हुशार. पण चेहरा कसा होता ते लिहायला काय झालं होतं?

आणि तुम्ही रोज संध्याकाळी तिचे पाय दाबून देता, तिला ते फार आवडतं म्हणे. नवल आहे. माझ्या मुलीच्या पायाला लहानपणी कुणी हात लावला तर ती खिदळून लाथा मारायची. पायाचं माप घ्यायचं तर ती झोपल्यावर घ्यावं लागे. तिचे पाय मला माहीत आहेत, विहीणबाई. उजव्या टाचेवर कात्री पडल्याची खूण आहे. ती माझ्या हातून पडलेली कात्री आहे. बघितलीत का?

खरं सांगू का, तुमचं ते वाक्य वाचल्यापासून मला काम सुचत नाही. तुमची बोटं डोळ्यांसमोर येतात. लोकरीनं मऊ झालेली असतील. माझी बघा, सुयांनी चाळण झालेली. अशा हातांनी कुणी पाय दाबून घेणार नाही, हेही खरं.

आणखी एक लिहिलंत: संध्याकाळी चार ते सहा ती खिडकीत बसून असते, रस्त्याकडे बघत, विचारलं तर म्हणते, वारा खातेय. तुम्हाला त्याची काळजी वाटते. मला नाही वाटत. तिला सतत कुणी पुढ्यात बसलेलं आवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जरा एकटीला सोडत जा.

आता विचारायचं ते सरळ विचारते. झालंय का? बाळ झालंय आणि मला कळवायचं नाही असं तुमचं तिघांचं ठरलंय का? ठरलं असेल तर तसं लिहा. मला वाईट वाटेल, पण मी काही तिथे येऊन तमाशा करणार नाही. नुसतं मुलगा का मुलगी, आणि रडलं का जोरात, एवढं हवंय.

टाचणीसुद्धा नऊ दिवस उशिरा आली होती. मी नवव्या दिवशीही मशीनवर होते. एका बाईचा कोट द्यायचा होता. कळा सुरू झाल्या तेव्हा मी कॉलर लावत होते आणि म्हटलं, एवढी पुरी करते. केलीही. हे मी अभिमानानं सगळ्यांना सांगत आलेय. आज लिहिताना अभिमान वाटला नाही, का कोण जाणे.

ती तुम्हाला आई म्हणते, हे तुम्ही पत्रात दोन ठिकाणी लिहिलंत. एकदा लिहिलं असतं तरी मला कळलं असतं.

विहीण


१५ नोव्हेंबर

विहीणबाई,

पत्र मिळालं. खुलासा कळला.

म्हणजे तारीख अठरा आहे. दवाखान्याच्या कागदावर पहिल्या दिवसापासून अठराच आहे. माझ्या पत्रांतलं चार तुम्हाला माझी लिहिण्यातली चूक वाटली म्हणून तुम्ही बोलला नाहीत, आणि आता माझा वाचण्यात घोटाळा झाला असेल असं सुचवताय. घोटाळा माझ्या डोळ्यांचा नाही हो. कार्ड आहे माझ्याकडे. तिच्याच अक्षरात, शाईनं, चार.

आता माझ्या लक्षात आलं. घरच्यांना अठरा आणि बाहेरच्यांना चार. चुकीची तारीख द्यायची, म्हणजे आई चारला वाट बघेल, पाचला वाट बघेल, मग कंटाळेल, रागावेल आणि गप्प बसेल. खरा दिवस येईल तेव्हा तुम्ही सगळे निवांत. चांगली युक्ती आहे. अशी युक्ती मी तिला शिकवली नव्हती.

मी चारला वाट पाहिली. मी अजून वाट बघत होते. त्या अकरा दिवसांत मी आणखी चौदा झबली शिवली. त्यांतली एकही तुम्हाला पाठवणार नाही. तुमच्याकडे मोजे आहेतच.

तुमच्यावर माझा राग नाही असं मी म्हणणार होते, पण ते खोटं होईल. तुम्ही मला काही केलेलं नाही, हेच तर. तुम्ही तिथे होतात, वेळेवर, चष्मा पुसून, पेन घेऊन. त्या दिवशीही आणि आजही. माणसानं इतकं वेळेवर असू नये. शेजारच्याला लाज वाटते.

यापुढे तुम्ही काही विचारलंत तर उत्तर देईन. आपणहून लिहिणार नाही.

विहीण


२३ नोव्हेंबर

विहीणबाई,

तुम्ही काही विचारलेलं नाही, तरी लिहितेय.

तुमचं वीस तारखेचं पत्र काल दुपारी आलं. अठरा गेली, अजून काही नाही, ठोके चांगले आहेत, काळजी करू नका. पंचविसाला सकाळी दाखल व्हायला सांगितलंय. मग शेवटी तुम्ही लिहिलंत, की डॉक्टरांनी उशीर झाला म्हटल्यावर ती हसली आणि म्हणाली, 'आजीवर गेलंय.'

हे वाचून मी पत्राची घडी घातली आणि कातरकामाला बसले. मला वाटलं, आजी म्हणजे तुम्ही. बाळ अजून आलं नाही आणि कुणावर गेलंय ते ठरूनही गेलं. तासभर मी दात-ओठ खात कापत होते. तुम्ही उभ्या जन्मात कशाला उशिरा गेला नाहीत, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. बघा, माणूस जळायला लागला की साधा हिशेबसुद्धा जमत नाही.

मग संध्याकाळी मावशी आरसा पुसायला गेली. पुसताना तिनं चौकटीतलं कार्ड ओढून काढलं, आणि आतून मला ओरडली, "हे कुणाच्या ट्रायलचं हो?"

"ट्रायलचं नाही ते. टाचणीचं कार्ड आहे."

"मग टिंब कशाला दिलंय?"

"पूर्णविराम आहे तो."

"तुमचे विराम-बिराम मला कळत नाहीत. आकड्याच्या पोटाखाली टिंब म्हणजे ट्रायल. पोरीनंच शिकवलंय मला." ती कार्ड घेऊन बाहेर आली आणि बोटांवर मोजायला लागली. "चाराखाली टिंब. म्हणजे खरी तारीख अठरा. अठरा होऊन गेली की. कोण आहे ही बाई, अजून नाही आली ती?"

मी कार्ड हातात घेतलं. सप्टेंबरात घाईघाईत वाचून मी ते खोचलं होतं, आणि चौकटीच्या पट्टीखाली नेमका तेवढाच भाग झाकला गेला होता. पूर्णविराम ओळीच्या शेवटी येतो, विहीणबाई. हे टिंब 'नोव्हेंबर'च्या पुढे नव्हतंच. ते चाराच्या खाली होतं. दोनदा गिरवलेलं, ठसठशीत, मला चुकूनही चुकू नये असं.

मावशी म्हणाली, "बसा जरा. रंग उतरलाय तुमचा."

मी बसले. तुम्हाला या टिंबाचं सगळं मीच लिहून कळवलंय, दोन तारखेच्या पत्रात, विनोद म्हणून. टिंब कुणाला द्यायचं ते त्यात लिहिलंय. जी बाई कधीच वेळेवर येत नाही, आणि जिच्या बदली दुसरं कुणी चालत नाही, तिला.

तिनं मला टाळायला खोटी तारीख दिली नव्हती. मी दोन आठवडे उशीर करणार हे धरून तिनं हिशेब केला होता, म्हणजे अठराला मी बरोबर पोचले असते. आणि मी काय केलं? 'ये' शब्द कुठे आहे ते शोधत बसले. दुकानाच्या भाषेत तो चाराच्या खाली होता.

चार ते सहा ती खिडकीत बसते म्हणालात ना? इकडची बस तुमच्या गावात साडेचारला पोचते. लग्नाच्या वेळी मी त्याच बसनं आले होते, म्हणून मला ठाऊक आहे. आणि मी तुम्हाला शहाणपणा शिकवला, तिला एकटीला सोडत जा म्हणून.

आता ती बस. ती बंद पडली नव्हती. दोन वर्षं हे मी सगळ्यांना सांगतेय आणि टाचणी सोडून सगळ्यांनी ते मानलंय. सकाळची बस मी सोडली, कारण एका गिऱ्हाइकाच्या गळ्याची पट्टी मनासारखी बसली नव्हती. बाई म्हणाल्या होत्या, चालेल. पण मला चालत नव्हतं. मी ती उसवली आणि परत लावली. त्या गळ्यावरून पदर यायचा होता. कुणाला दिसणारही नव्हती. पुढची बस पकडून मी आले तेव्हा कचेरीतले शिपाई खुर्च्या एकावर एक रचत होते. टाचणी जिन्यात उभी होती. तिनं माझ्या बोटांकडे पाहिलं, दोऱ्याचा तुकडा चिकटला होता, आणि म्हणाली, "झालं का काम?" तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं ते. मी म्हटलं, "बस बंद पडली." खरं बोलले असते तर कदाचित तिनं भांडण केलं असतं, आणि भांडण झालं असतं तर ते मिटलंही असतं.

तुमच्या त्या फोटोचा मला दोन वर्षं राग आहे. तुमच्या हाताचा. वाटायचं, या बाईनं माझी जागा घेतली. जागा तुम्ही घेतली नाहीत, मी ती रिकामी ठेवली होती आणि लग्न खोळंबलं होतं. 'बहीण माझ्याच अंगाची आहे' म्हणून कुणीतरी उभं राहावं तशा तुम्ही उभ्या राहिलात. सही केलीत. आणि मी तुम्हाला अस्तराचं शिकवत होते.

हे लिहिलं म्हणजे माझं मन अगदी साफ झालं असं समजू नका. तुम्ही तिचे पाय दाबता ते मला अजून सहन होत नाही.

मावशीनं निघताना विचारलं, "मग, जाणार का अजून एखादी बाही उसवणार?"


२४ नोव्हेंबर, बसस्टँड

कालचं पत्र टाकलं नव्हतं, हा कागद त्याच पाकिटात घालते.

साडेचारला पोचणारी बस सुटायला अजून चाळीस मिनिटं आहेत. मी कुठेतरी लवकर येऊन बसलेय, असं आयुष्यात पहिल्यांदा होतंय. या वेळेचं लोक काय करतात मला माहीत नाही. समोरचा माणूस पेपर वाचतोय, शेजारची बाई घोरतेय. मी पत्र लिहितेय.

निघताना मशीनवर एक कोट होता. कॉलर अर्धी लागली होती. आज संध्याकाळी न्यायला येणार आहेत त्या बाई. मी सुई वर न काढता तशीच उठले. सुई अजून कापडातच आहे. मावशीला म्हटलं, त्यांना काय सांगशील? तर म्हणाली, "सांगेन, मास्तरीणबाई ट्रायलला गेल्यात."

पिशवीत चौदा झबली आहेत, आणि थोडं मलमल. तुमच्या टोप्यांना अस्तर मी लावीन. तुम्ही समोर बसून चुका काढा, काढाल तेवढ्या. पण पाय मी दाबणार. तिनं लाथा मारल्या तरी. निदान एक पाय माझा, खूण असलेला.

मी निघालेय हे सांगायला जावईबापूंना फोन करणार होते. केला नाही. साडेचारला ती खिडकीत असेलच. तिचं तिला दिसू दे. माझ्याकडे बघून ती खिडकी लावून घेईल, असंही होऊ शकतं. लावली तर मी खाली उभी राहीन. या खेपेला माझं दुसरं कुठलं काम राहिलेलं नाही.

बस लागली. कंडक्टर दार उघडतोय. पेटी इथेच खांबाला आहे, तिच्यात हे टाकते. तुम्हाला परवा मिळेल. पत्राला किती दिवस लागतात ते तुम्हीच जास्त जाणता. आमच्या घरातून आज उशिरा येणार आहे ते एवढं पाकीट.

टाचणीची आई